डोंगर, पायथा आणि खारपाणपट्टा

दर्यापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात हातपंपाचं पाणी ओंजळीत घेऊन तोंडाला लावा. घोट घशाखाली उतरत नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. विहीर खणा की बोअर पाडा, खाली लागतं ते खारटच. इथल्या माणसाला गोडं पाणी मिळतं ते नळाने, आणि त्या नळाचं दुसरं टोक उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. दर्यापूर-अंजनगावकडे शहानूर धरणाचं पाणी येतं, अकोट-तेल्हाऱ्याकडे वान नदीवरच्या हनुमानसागराचं. शहानूर आणि वान या दोन्ही नद्या मेळघाटच्या डोंगरातून खाली येतात. डोंगरावरचं रान पावसाचं पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. रान उघडं पडलं की ते पाणी मातीसकट एका दमात वाहून येतं आणि धरण गाळाने भरू लागतं.

म्हणजे साठ-सत्तर किलोमीटरवरच्या सपाटीत कपाशी पिकवणाऱ्या माणसाचा मेळघाटच्या जंगलाशी रोजचा संबंध आहे. पण त्या जंगलाचं काय करायचं हे ठरतं तेव्हा त्याला सहसा कुणी विचारत नाही. आपल्याला विचारायला हवं, असं त्याच्याही मनात येत नाही. ज्यांच्या अंगणात हे जंगल आहे त्या कोरकू, गवळी, गोंड, निहाल कुटुंबांना तरी विचारलं जातं का? त्याचं उत्तर गेल्या तीसेक वर्षांत थोडं थोडं बदलत गेलं आहे. जंगलाच्या कारभारात लोकांचा सल्ला घेण्यासाठी समिती नेमायची, ही कल्पना कायद्यात आहे, शासन निर्णयांत आहे, मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. ती कशी आहे, कुठे अपुरी पडते आणि वऱ्हाडात तिला कसं रूप द्यावं, हे नीट समजून घ्यायला हवं.

सुरुवात कायद्यापासून करू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २००२ च्या दुरुस्तीने ३३-ब हे कलम घातलं गेलं. ते सांगतं की राज्य सरकारने अभयारण्यासाठी सल्लागार समिती नेमावी. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला, वनसंरक्षकाच्या दर्जाहून खालचा नसलेला अधिकारी तिचा प्रमुख. ज्या मतदारसंघात अभयारण्य आहे तिथला आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या तीन व्यक्ती, गृह आणि पशुवैद्यक खात्याचा एकेक माणूस आणि मानद वन्यजीव रक्षक असल्यास तो, एवढे सदस्य. अभयारण्याचा प्रभारी अधिकारी सदस्य-सचिव. समितीचं काम दोन ओळींत सांगितलं आहे: अभयारण्याचं रक्षण आणि व्यवस्थापन अधिक चांगलं व्हावं यासाठी सल्ला देणं, आणि आतल्या व भोवतालच्या लोकांचा त्यात सहभाग कसा असावा हे सुचवणं. बैठकीची पद्धत आणि गणपूर्ती समितीने आपली आपण ठरवायची आहे.

आपल्या भागात या कलमाला विषय भरपूर आहेत. मेळघाट व्याघ्र प्रकल्प २२ फेब्रुवारी १९७४ ला अस्तित्वात आला. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी तो एक. आज त्याचा विस्तार २,७६८ चौरस किलोमीटरच्या वर आहे, आणि त्यातलं सुमारे १,५०० चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. या पसाऱ्यात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे, मेळघाट अभयारण्य आहे, अकोला जिल्ह्याच्या बाजूला किल्ल्याभोवतीचं छोटंसं नरनाळा, पश्चिमेला वान आणि बुलडाण्यातलं अंबाबरवा आहे. त्याच्या बाहेर, अकोला-वाशिमच्या सीमेवर काटेपूर्णा अभयारण्य आहे. महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी अकोला शहर पितं. म्हणजे अकोल्यात नळ सोडणाऱ्या प्रत्येक घराचं एका अभयारण्याशी नातं आहे, आणि त्या अभयारण्यासाठी सल्लागार समिती असावी असं कायदा म्हणतो.

या कलमात मला दोन गोष्टी खटकतात. पंचायतीचे तीन प्रतिनिधी म्हटलं आहे, पण ते जंगलालगतच्याच गावचे असावेत असं बंधन नाही. त्यात बाई असावी असंही नाही. मोह वेचणारी, चारोळी फोडणारी, तेंदूची पानं तोडून पुडे बांधणारी माणसं बहुतेक बायाच असतात. कुठलं झाड यंदा फुललं नाही आणि कुठला झरा माघातच आटला, हे त्यांना पहिल्यांदा कळतं. त्या समितीत नसतील तर समितीला जंगलाची खबर कुठून लागणार? दुसरी गोष्ट अधिक मोठी आहे. समितीने सल्ला दिल्यावर पुढे काय, याबद्दल कलम गप्प आहे. सल्ला मानलाच पाहिजे असं नाही, हे समजू शकतं. पण का मानला नाही हे लिहून सांगण्याचीही सक्ती नाही. ज्याला उत्तर द्यावं लागत नाही असा सल्ला बैठकीच्या इतिवृत्तात पडून राहतो, आणि दोन-तीन बैठकांनंतर सदस्य येईनासे होतात.

दुसरी एक समिती व्याघ्र प्रकल्पांसाठी आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१२ मध्ये पर्यटनाबाबतच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रत्येक प्रकल्पासाठी विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक सल्लागार समिती असावी, असं त्यात आहे. तिचा भर पर्यटनावर: गाड्या किती सोडायच्या, कुठल्या वाटेने, स्थानिकांना काय मिळावं. ती तेवढ्यापुरती उपयोगी. जंगलाचा संबंध पर्यटकाशी येतो त्याच्या कितीतरी पट तो पाण्याशी, चाऱ्याशी आणि पिकांशी येतो.

यापूर्वीचा एक प्रयोगही लक्षात ठेवायला हवा. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने जंगलावर पहिला हक्क भोवतालच्या लोकांच्या गरजांचा मानला, आणि जून १९९० मध्ये केंद्राने राज्यांना लोकांना सोबत घेऊन जंगल राखण्याच्या सूचना दिल्या. महाराष्ट्राने १९९२ मध्ये शासन निर्णय काढला आणि गावोगावी संयुक्त वन व्यवस्थापन समित्या उभ्या राहिल्या. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे शब्द तेव्हा गावच्या भिंतींवर रंगवले गेले. पुढे संत तुकारामांच्या नावाने वनग्राम योजना आली, चांगलं काम करणाऱ्या गावांना बक्षिसं मिळू लागली. काही गावांनी खरोखर जीव ओतून काम केलं. पण समितीचा चिटणीस वनखात्याचा माणूस, खात्यावर सही त्याची, आणि आराखडाही बहुधा वरून आलेला, अशी ही रचना होती. मन लावून काम करणारा वनपाल मिळाला की समिती जिवंत असायची, त्याची बदली झाली की तिच्यात धुगधुगी उरायची. एका माणसाच्या बदलीने जी संस्था मोडते ती गावाची झालेली नसते. बाजू घेऊन सांगायचं तर यात त्या वनपालाचा दोष नव्हता. त्याच्यावर टाकलेलं काम एका माणसाने ओढण्यासारखं नव्हतंच.

खरा बदल वनहक्क कायद्याने झाला. २००६ चा हा कायदा १ जानेवारी २००८ पासून नियमांसह लागू झाला. गावाने पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या जंगलाचं रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्याने ग्रामसभेला दिला. इथे सल्ला देण्याचा प्रश्न उरत नाही. निर्णय ग्रामसभेचा असतो, आणि ती आपल्यातून व्यवस्थापन समिती निवडते. सप्टेंबर २०१२ च्या सुधारित नियमांनी हे आणखी स्पष्ट केलं. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. गौण वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना गावची समिती देईल, विक्रीच्या पैशाचं काय करायचं ते ग्रामसभा मंजूर करील. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने ही लढाई आधीच लढली होती. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी त्या गावात जाऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, आणि देशभरातल्या वनगावांना आपलंही असं होऊ शकतं हे दिसलं.

आपल्याकडचं असं गाव म्हणजे पायविहीर. परतवाड्याजवळ, मेळघाटच्या पायथ्याशी. २०१२ मध्ये पायविहीरच्या ग्रामसभेला १९३ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. शेजारच्या उपातखेडा, खतिजापूर आणि नयाखेडा यांनाही त्याच सुमारास मिळाला. हक्क मिळाला तो हिरव्यागार रानावर मिळाला असं कुणी समजू नये. बराचसा डोंगर उघडा, मुरुमाड, झाडोरा विरळ. ‘खोज’ ही संस्था या भागात आधीपासून काम करत होती; तिच्या मदतीने गावांनी आराखडे केले. रोजगार हमीचं काम आणि निरनिराळ्या खात्यांच्या योजना एका कामाला जोडल्या. सलग समतल चर खणले, दगडी बांध घातले, झाडं लावली, राखणीच्या पाळ्या लावल्या.

त्यांच्या डोंगरावर सीताफळाची झाडं होती. पायथ्याच्या उघड्या टेकड्यांवर सीताफळ कुणी न लावता येतं, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. पूर्वी ते मातीमोल भावाने जायचं. गावच्या तरुणांनी फळं निवडून, खोक्यांत भरून ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने थेट मुंबईपर्यंत नेली. तेंदूपत्त्याच्या व्यवहारातही ग्रामसभा उतरल्या. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाशी संबंधित जैवविविधता पुरस्कार पायविहीरला मिळाला. मला पुरस्कारापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे की गावाला आपल्या रानातच काम मिळालं. मेळघाटच्या परिसरात दिवाळीनंतर घरांना कुलपं लागतात आणि माणसं हरभऱ्याच्या सोंगणीला, संत्र्याच्या बागांना, वीटभट्ट्यांना निघून जातात. पुरुष, बाया, कडेवरची पोरं, सगळीच. काम गावात असेल तर हे थांबतं, आणि माणूस गावात राहिला तर रान राखायला हात उरतात.

पायविहीर अचलपूर तालुक्यात आहे, म्हणजे अनुसूचित क्षेत्राच्या बाहेर. अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोनच तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचं पाठबळ नसतानाही एका गावाने वनहक्क कायद्याच्या आधारे एवढं उभं केलं.

मग प्रश्न येतो: ग्रामसभाच निर्णय घेऊ शकतात, तर प्रादेशिक सल्लागार समिती हवी कशाला? हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे आणि तो रास्त आहे. ग्रामसभेचे हक्क पातळ करण्यासाठी वरती एक समिती बसवायची, अशी शंका लोकांना येते. २०१४ मध्ये राज्याने काढलेल्या ग्रामवन नियमांना अनेक ग्रामसभांनी आणि कार्यकर्त्यांनी विरोध केला तो याच भीतीने. म्हणून एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी. ग्रामसभेच्या हक्काच्या हद्दीत जे ठरतं त्यात सल्लागार समितीने बोट घालायचं नाही. तिचं काम गावाची शीव संपते तिथे सुरू होतं.

आणि शिवेपलीकडे प्रश्न भरपूर आहेत. वणवा घ्या. वनखात्याच्या हिशेबाने वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. एका गावाने जाळरेषा साफ केली आणि पलीकडच्याने नाही केली, तर आग दोघांची वाट लावते. रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं घ्या. अकोट, तेल्हारा, अचलपूरच्या पायथ्याचा शेतकरी तूर आणि हरभरा राखायला रात्ररात्र मचाणावर बसतो. नुकसानभरपाईचा अर्ज आहे, पंचनामा आहे, पण रात्रीची झोप भरून देणारी योजना नाही. त्याच्या मनात जंगलाबद्दल राग साचत जातो. तो राग कुणीतरी समोर बसवून ऐकला पाहिजे, नाहीतर तो एखाद्या दिवशी कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेतून बाहेर पडतो आणि त्यात वाघ मरतो, कधी माणूसही.

मेंढपाळांचा विचार कुणी केला? पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो, मेंढ्यांचे खूर सडतात, आणि सपाटीवरच्या धनगरांना कळप घेऊन डोंगराच्या बाजूला सरकावं लागतं. ते कुठल्याच वनगावाचे रहिवासी नसतात, म्हणून कुठल्याच गावसमितीत त्यांना जागा नाही. वनहक्क कायदा हंगामी चराईचा हक्क मान्य करतो, पण तो मागायला ते कुठल्या ग्रामसभेत जाणार? दरवर्षी नाक्यावर वाद होतो, दंड भरला जातो आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा.

पुनर्वसनाचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. गाभा क्षेत्रातली बोरी, कोहा आणि कुंड ही गावं पहिल्यांदा उठली, त्यानंतर आणखी अनेक. काही अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत येऊन वसली. प्रत्येक कुटुंबाला द्यायची रक्कम २००८ मध्ये दहा लाख रुपये ठरली, २०२१ मध्ये पंधरा लाख झाली. कायद्याप्रमाणे ग्रामसभेची खुली, माहितीपूर्ण संमती घेतल्याशिवाय गाव हलवता येत नाही. पण संमती एका दिवशी घेतली जाते आणि नवीन गावातलं आयुष्य पुढची अनेक वर्षं चालतं. जमीन कशी निघाली, पाणी आलं का, दवाखाना किती लांब, रोख रक्कम किती दिवस पुरली, हे सगळं नंतर कळतं. २०१९ च्या जानेवारीत पुनर्वसित गावकऱ्यांचा एक मोठा जमाव केलपाणीच्या बाजूला परत जंगलात गेला आणि वनकर्मचाऱ्यांशी त्याची झटापट झाली. दोन्हीकडची माणसं जखमी झाली. तक्रार दर तीन महिन्यांनी मांडायला एक जागा असती, आणि तिथे मिळालेलं उत्तर कागदावर असतं, तर गोष्ट दगड-लाठ्यांपर्यंत जाण्याआधी अडवता आली असती असं मला वाटतं.

रेल्वेचं उदाहरण तर सगळ्या वऱ्हाडाला माहीत आहे. अकोल्याहून खांडव्याला जाणारी मीटरगेज मेळघाटच्या पोटातून जात असे, धुळघाटजवळ तिचा रूळ वेटोळं घेऊन स्वतःलाच ओलांडत असे. २०१७ पासून ती बंद आहे. अकोला-अकोट तुकडा रुंद झाला. पुढे रूळ जुन्याच मार्गाने जंगलातून न्यायचा की बाहेरून वळवायचा, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. वन्यजीवप्रेमींचं म्हणणं बाहेरून न्या, त्यामुळे बुलडाण्याच्या बाजूच्या गावांनाही गाडी मिळेल. जुन्या स्थानकांभोवतीच्या गावांचं म्हणणं, आमची एकुलती गाडी गेली त्याचं काय? माझं मत बाहेरच्या मार्गाच्या बाजूने आहे. पण हा वाद मुख्यतः न्यायालयात, मंत्रालयात आणि वर्तमानपत्रांत झाला. डोंगरातल्या माणसाला आणि अकोल्याच्या व्यापाऱ्याला एका सतरंजीवर बसवून एकमेकांचं ऐकायला लावणारी जागा आपल्याकडे नव्हती. अजूनही नाही.

अशी जागा कशी बांधायची याचे काही दाखले जगात आहेत. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १९९४ च्या कायद्याखाली सरकारी जंगलाचा आराखडा करताना स्थानिक नागरिकांची समिती सोबत बसवावी लागते. नेपाळने १९९३ च्या कायद्याने डोंगरी गावांच्या वापरकर्ता गटांना जंगल सोपवलं. असे गट आज वीस हजारांहून जास्त आहेत. मला सगळ्यांत शिकण्यासारखी वाटते ती अमेरिकेतली रचना. तिथे २००० च्या एका कायद्याने राष्ट्रीय वनांसाठी पंधरा जणांच्या सल्लागार समित्या नेमल्या. पाच-पाचांचे तीन गट: जंगलावर पोट असणारे आणि त्याचा वापर करणारे, निसर्ग राखू पाहणारे, आणि लोकप्रतिनिधी व इतर नागरिक. एखादं काम सुचवायचं तर पंधरांतल्या आठांनी हात वर करून भागत नाही. तिन्ही गटांत वेगवेगळं बहुमत लागतं. त्यामुळे कुणालाही बाकीच्यांना डावलून पुढे जाता येत नाही. समोरच्या गटातली निदान तीन माणसं पटवावीच लागतात.

ही युक्ती वऱ्हाडाला फार चपखल बसेल. फक्त गट आपल्या भूगोलाने पाडावेत. पाच जण डोंगरातले: कोरकू आणि गवळी गावांचे, ग्रामसभांनी निवडलेले, त्यात किमान दोन वनोपज गोळा करणाऱ्या बाया. पाच पायथ्याचे: ज्याची तूर रोह्यांनी खाल्ली असा शेतकरी, पुनर्वसित गावाचा माणूस, कळप घेऊन फिरणारा धनगर. पाच सपाटीचे: खारपाणपट्ट्यातल्या पाणीपुरवठा योजनेवर जगणाऱ्या गावचे, अकोला आणि अमरावती शहरांचे, विद्यापीठातला वनस्पती किंवा पाण्याचा अभ्यासक. वनखात्याचे अधिकारी सोबत बसतील, माहिती देतील, पण मत देणार नाहीत. डोंगर, पायथा आणि खारपाणपट्टा या तिघांचंही बहुमत ज्या शिफारशीला मिळेल तिला वनखात्याने साठ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. मानली तर कधीपर्यंत करणार, नाही मानली तर का. हे उत्तर मराठीत, आणि त्याची प्रत संबंधित ग्रामपंचायतीच्या फलकावर. एवढं एक बंधन घातलं तरी सल्ल्याला वजन येईल.

हा माझा प्रस्ताव झाला. पण समिती मरते ती बहुतेक वेळा अगदी साध्या कारणांनी. तारीख हे पहिलं. वणव्याची तयारी फेब्रुवारीच्या आधी करायला हवी, म्हणून कार्यालय जानेवारीत बैठक लावतं. जानेवारीत मेळघाटातली कामाची माणसं गावातच नसतात. मग दोन-चार म्हातारे सही करतात आणि उपस्थिती भरते. वणव्याची बैठक दिवाळीच्या आधी घ्यावी, माणसं बाहेर पडण्यापूर्वी. होळीला सगळं मेळघाट घरी परततं, तो कोरकूंचा सर्वांत मोठा सण. होळी संपल्यावरचे दिवस दुसऱ्या बैठकीला उत्तम. त्यानंतर मोह पडायला लागतो, मग तेंदू, मग पेरणी. या दिवसांत बोलावणं म्हणजे न येण्याची सोय करणं. जंगलातल्या माणसाचं पंचांग समितीचं पंचांग झालं पाहिजे.

भाषा हे दुसरं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाली आणि मुंडारीची बहीण, त्या कुळातली सर्वांत पश्चिमेची. मराठीशी तिचं नातं नाही. मेळघाटात बाजाराची भाषा बरीचशी हिंदी, कचेरीची मराठी, आणि घरात, रानात बोलायची कोरकू. झाडाचं, गवताचं, पाखराच्या आवाजाचं ज्ञान त्या तिसऱ्या भाषेत आहे. ‘कार्य आयोजना’, ‘पर्यावरण संवेदनशील क्षेत्र’, ‘अधिवास’ असे शब्द टाकत अर्धा तास बोलून मग ‘काही शंका?’ विचारलं तर समोरचा मान हलवून गप्प बसणारच. दुभाष्या हवा, आणि तो गावातलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी असावी. इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नये.

तिसरं कारण पैशाचं. अधिकाऱ्याचा पगार बैठकीला बसला तरी चालू असतो; मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडते. धारणीच्या पलीकडच्या एखाद्या ढाण्यावरून, म्हणजे पाड्यावरून, अमरावतीला येऊन परत जायला दोन दिवस जातात. एसटीचं भाडं, दोन दिवसांची मजुरी आणि जेवण हे पुढच्या बैठकीत मंजूर होऊन नंतर मिळणार असेल तर तो एकदाच येईल. म्हणून पैसे बैठक उठण्याआधी हातात द्यावेत. शिवाय दर वेळी त्यानेच का यावं? एक बैठक डोंगरात, एक अकोटला, एक दर्यापूरच्या बाजूला अशी फिरती ठेवावी. अकोल्याच्या सदस्याने एकदा मेळघाटातल्या सेमाडोहला मुक्काम करावा आणि डोंगरातल्या सदस्याने एकदा खारपाणपट्ट्यातल्या हातपंपाचं पाणी चाखावं. कागदावर पटत नाही ते अशाने लवकर पटतं.

कायद्याचाही वारा आता या दिशेला आहे. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने असं ठरवलं की अभयारण्य अनुसूचित क्षेत्रात किंवा वनहक्क कायदा लागू असलेल्या भागात असेल, तर त्याचा व्यवस्थापन आराखडा संबंधित ग्रामसभांशी विचारविनिमय करूनच करावा लागेल. ही दुरुस्ती एप्रिल २०२३ पासून लागू आहे. मेळघाटला ती पुरेपूर लागू पडते. विचारविनिमय म्हणजे आराखडा छापून झाल्यावर दाखवणं नव्हे, हे मात्र गावांनी आधीच बजावून ठेवलं पाहिजे.

वाचणाऱ्याला यात आजच करता येईल असं एक काम आहे. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपल्या सल्लागार समित्यांची यादी, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का आणि इतिवृत्त पाहायला मिळतं का, हे कुणी न मागताही जाहीर करायचं असतं. तुमच्या जवळच्या अभयारण्याच्या बाबतीत ते जाहीर झालेलं आहे का ते बघा. नसेल तर दहा रुपयांचा अर्ज करा. नरनाळा, वान, काटेपूर्णा, मेळघाट यांपैकी ज्याचं पाणी तुम्ही पिता त्या अभयारण्याची ३३-ब कलमाखालची सल्लागार समिती कधी नेमली, तिच्यात कोण आहेत, शेवटची बैठक कधी झाली आणि तिने दिलेल्या सल्ल्याचं काय झालं, हे चार प्रश्न विचारा. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. आलेलं उत्तर १५ ऑगस्टच्या किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा.